नवसाची दाढी

आमच्या ह्यांना घोरता का म्हणून विचारलं की ते सरळ नाही म्हणतात. नांदेडच्या दवाखान्यात भूल देणाऱ्या मॅडमनी विचारलं तेव्हाही नाहीच म्हणाले, आणि वर हसले. मी शेजारीच बसले होते. असा राग आला मला की काय सांगू. लग्न झाल्यापासून एक रात्र सलग झोपले असेन तर शपथ.

"मॅडम, लई घोरतात," मी म्हटलं. "आन् नुसतं घोरत न्हाईत. मधीच बंद पडतात. श्वासच घेत न्हाईत. मग मी कोपरानं ढोसते, तवा कुठं दचकून परत सुरू होतात."

हे माझ्याकडं बघतच राहिले. त्यांना ठाऊकच नव्हतं. झोपेत मारलेली कोपरं सकाळी चहाबरोबर सांगायची असतात का?

मॅडमनी मात्र पेन खाली ठेवलं आणि खुर्ची जवळ ओढली. त्यांना माझं बोलणं ह्यांच्यापेक्षा खरं वाटलं, हे बघून मला बरं वाटलं.

देगलूरला आमचं किराणा दुकान आहे. हे दिवसभर गल्ल्यावर बसून असतात आणि बसल्या बसल्या तोंड चालू. पोती मोजायच्या काट्यावर येणारं-जाणारं गिऱ्हाईक गंमत म्हणून चढतं, हे कधी चढले नाहीत. दवाखान्यात उभं केलं तर काटा सव्वाशेच्या पुढं गेला. पित्ताच्या पिशवीत खडे झाले होते. दोनदा सूज येऊन ताप चढला होता, आणि सर्जननी बजावलं होतं की तिसऱ्यांदा असं झालं तर जिवावर बेतेल, आता पिशवी काढायचीच. त्याआधी भूल देणाऱ्या मॅडमची तपासणी.

मला वाटलं बीपी बघतील, एखादी सुई टोचतील आणि सोडतील. तसं नव्हतं. त्यांनी ह्यांना आ करायला लावलं, जीभ बाहेर काढायला लावली, बॅटरीनं घशात बघितलं. मान मागं टाकायला सांगितली, तर ती थोडीशीच गेली. मग शिंप्याकडं असते तशी टेप काढून मान मोजली. ह्यांना गुदगुल्या व्हायला लागल्या.

"काकू," मॅडम मला म्हणाल्या, "झोपेत यांची जीभ मागं पडते आणि श्वासाची वाट बुजते. भूल दिल्यावर सगळं याहून सैल पडतं. मग घशातून नळी घालेपर्यंत तोंडावर मास्क घट्ट दाबून मला श्वास द्यावा लागतो. यांचा घसा आतून दिसत नाही, मान जाड आहे. त्यात ही दाढी. दाढीतून हवा निसटते, मास्क बसतच नाही. ही काढावी लागेल."

ह्यांनी दाढी मुठीत धरली.

ती दाढी साधी नव्हती. आमची एकुलती एक पोर डॉक्टरकीच्या परीक्षेत पहिल्या खेपेला थोडक्यात हुकली, तेव्हा तिला लातूरला क्लासला ठेवलं. तिला सोडून मी घरी आले ती तशीच महादेवाच्या देवळात गेले आणि बोलून बसले, पोरीला मेडिकलला सीट लागल्याबिगर ह्यांच्या गालाला वस्तरा लागणार नाही. नवस बोलणारी मी, दाढी ह्यांची. हे एका शब्दानं कुरकुरले नाहीत. दाढी छातीपर्यंत आली, गिऱ्हाईकं महाराज म्हणायला लागली, आणि आता पोरीची परीक्षा तोंडावर आली असताना ही बया म्हणते दाढी काढा.

"ऑपरेशन म्होरं ढकला," हे म्हणाले. "निकाल लागू द्या."

"काका, तोवर थांबता येणार नाही."

"मग दाढीसकट करा. काय व्हायचं ते होईल. माझी पोर हुकली तर जन्मभर मला वाटेल की माझ्यापायीच हुकली."

बोलता बोलता त्यांचे डोळे भरले. एवढा मोठा माणूस, डोळे पुसायला खिशात रुमाल सापडेना. मला आधी दया आली आणि मग संताप आला.

"काय व्हायचं ते होईल? घरी बंद पडता तवा कोपर मारायला मी असते. तिथं कोण मारणार हाय?" मी म्हटलं. "नवस म्या बोलले, म्याच मोडून राहिले. तुम्ही मधी पडू नका."

मॅडम हळूच म्हणाल्या, "काकू, तिथं मी असते. उशाशीच असते. ऑपरेशन संपेपर्यंत उठून जात नाही."

एवढं एक वाक्य ऐकलं आणि मी उठले. व्हरांड्यात जाऊन हात जोडले. महादेवा, म्हटलं, मला दोन्ही पाहिजे, पण आधी हा माणूस पाहिजे. रागवायचं तर माझ्यावर रागव, पोरीच्या पेपरवर राग काढू नको. आणि न्हाव्याला बोलावून घेतलं.

दाढी उतरली तशी खालून ह्यांची हनुवटी निघाली. लग्नात फोटोवाल्यानं दोनदा सांगितलं होतं, नवरदेव, हनुवटी जरा पुढं घ्या. पुढं घ्यायला ती होतीच कुठं. म्हणून तर नवस ऐकून हे मनातून खूश झाले होते, असा माझा जुना संशय आहे. मॅडम परत तपासायला आल्या, हनुवटी बोटांत धरली आणि बराच वेळ बघत राहिल्या.

"काकू, हे आधी का नाही सांगितलं?"

"काय?"

"हनुवटी इतकी मागं आहे हे."

"अहो मॅडम, नवऱ्याची हनुवटी बारकी हाय हे काय सांगत फिरायचं असतंय?"

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, जाड मान, न दिसणारा घसा आणि त्यात अशी हनुवटी, म्हणजे झोपवल्यावर नळी घालायला वाट सापडेलच असं नाही. आता आधी भूल द्यायचीच नाही. घसा औषधानं बधिर करायचा, माणूस जागा ठेवायचा, बारीक कॅमेऱ्याची नळी नाकातून सावकाश आत न्यायची, श्वासाची वाट हातात आली की मगच झोपवायचं. दाढी असती तर हे मला दिसलं नसतं, असं त्यांनी स्वतःच्या तोंडानं सांगितलं.

ऑपरेशन नीट झालं. मॅडम बाहेर येऊन म्हणाल्या, "वाट अवघडच होती. बरं झालं जागं ठेवलं. आता उशा लावून बसतं ठेवलंय, श्वास छान चालू आहे." मी त्यांचे दोन्ही हात धरले. नंतर आत गेले तर हे डोळे उघडून म्हणाले, भूक लागली. मला रडू आलं आणि हसूही.

पोरीला आम्ही फक्त तपासणीला जातो म्हणून सांगितलं होतं. रविवारी तिचा व्हिडिओ कॉल आला आणि मी अडवायच्या आत ह्यांनी उचलला. पोर बघतच राहिली.

"अप्पा, दाढी?"

"काढली माय," बसलेल्या घशानं हे म्हणाले. सगळं सांगून टाकलं. "तू मनाला लावून घेऊ नको. नीट अभ्यास कर."

ती आधी ऑपरेशन लपवलं म्हणून भांडली. मग ओढणीत तोंड घालून रडायला लागली. मी फोन घेतला, म्हटलं बाई, रडू नको, नवसाचं मी बघते देवाशी.

"आई, मी त्यानं रडत न्हाई," ती म्हणाली. "दर रविवारी फोन लावला की आधी दाढी दिसायची. मागल्या बारीपेक्षा वाढलेली. रात्री पडलं की तीच डोळ्यापुढं. किती दिवस झाले, मला झोप न्हाई."

"मग बोलायचं की गं!"

"नवस तू बोललेली. कसं बोलू?"

जेव बाई, म्हटलं, जेवून पड जरा.

संध्याकाळी जीव राहीना म्हणून परत फोन लावला. तिच्या खोलीतल्या मुलीनं उचलला. ती अगदी दबक्या आवाजात म्हणाली, "काकू, ती दुपारपासून झोपलीय. एकदाही कूस बदलली नाही. उठवू का?"

नको, मी म्हटलं. झोपू दे तिला.