कोरडं बेसिन

बीएस्सीच्या शेवटच्या वर्षी, लोणखेड्याच्या कॉलेजात प्रॅक्टिकलची परीक्षा घ्यायला बाहेरून आलेल्या त्या बाई मला एकच दिवस भेटल्या.

आल्या आल्या त्यांनी पदर खोचला आणि बेसिनवर वाकून वास घेतला. आम्हाला सॉल्टमधलं तांबं ओळखायचं होतं. जास्त द्रावण घेतलं की रंग हमखास येतो, अशी आमची सगळ्यांची समजूत. म्हणून मी अर्धी टेस्ट ट्यूब भरली. गडद निळा रंग आला. आता ती बेसिनमध्ये ओतणार, तोच बाईंनी माझं मनगट धरलं. मी पुस्तकी मराठीत उत्तरं पाठ करून आले होते. त्यांनी सरळ अहिराणीत विचारलं,

"हाई पानी कोठे जास?"

"मांगे, केळीना वावरमा."

"त्या केळी कोन खास?"

"आपनच," मी म्हणाले.

त्यांनी एक पांढरी टाइल आणि ड्रॉपर माझ्यापुढे सरकवला. "मंग थेंबवर कर. रंग थेंबमाबी दिसस."

दिसला, तितकाच निळा. मग सगळ्या वर्गाने टेस्ट ट्यूब बाजूला ठेवल्या. बाई दिवसभर बेसिनपाशीच उभ्या होत्या.

संध्याकाळी फाटकाबाहेर त्यांनी मागच्या बागेतली केळी विकत घेतली आणि त्यातलं एक माझ्या हातावर ठेवलं. "बेसिन कोरडं ठेव. मी केळी खावाले परत येसू."

आता त्याच प्रयोगशाळेत मी शिकवते. बाई अजून आलेल्या नाहीत. कधीही येऊ देत, माझं बेसिन कोरडं आहे.