शालननं नाकारलेली लाल जोडी

दवाखान्यात आमचं शेवटचं बोलणं झालं ते सकाळी, अकराच्या सुमाराला. नाकात नळी, हाताला सुई, पण डोळे टक्क उघडे. माझी बायको शालन म्हणाली, "अहो, ती लाल जोडी कुठंय हो?" मी म्हटलं, "कितीदा सांगू? कापून टाकली तेव्हाच." तिनं भिंतीकडे तोंड केलं. नर्स म्हणाली, अब सोने दो, म्हणून मी चहाला खाली उतरलो. लिफ्टमधून बाहेर पाऊल टाकलं नाही तोवर मुलाचा फोन. "बाबा, वर या." बस, एवढंच. माझं तिच्याशी शेवटचं बोलणं म्हणजे एक धडधडीत खोटं, आणि ते बोलून मी चहा प्यायला निघालो होतो. याला आता सात आठवडे होतील. मी चौथी पास माणूस. वहीत लिहितो, सूनबाई मीनल ते नीट करून देते. ती म्हणाली, बाबा, वाचणाऱ्यांना लाल जोडी म्हणजे काय ते कळणार नाही, मुळापासून सांगा. तर सांगतो.

मी दिल्लीत करोल बागेत फर्निचरच्या दुकानात सुतार होतो. बाहेरचा माल देशात खुला झाला तेव्हाची गोष्ट. आमच्या दुकानात येणारे एक भल्लाजी होते, त्यांनी गुडगावात शेड टाकली. तेव्हा गुडगाव म्हणजे एका बाजूला मोहरीची शेतं आणि दुसऱ्या बाजूला काचेची एक बिल्डिंग, मध्ये रस्ता पण नाही. भल्लाजी बाहेरून वापरलेल्या स्की मागवायचे. बर्फावरून घसरायला पायाला बांधतात त्या लांब पट्ट्या. त्या आम्ही दुरुस्त करायच्या, आणि हिवाळ्यात पहाडातले शिकवणारे लोक येऊन घेऊन जायचे. आतून लाकूडच असतं, म्हणून भल्लाजींना सुतार हवा होता. मी शेडमागेच खोली घेतली. शालन डबा घेऊन यायची, ती तिथंच रमली. स्कीच्या तळाला इस्त्रीनं मेण लावायचं काम तिनं धरलं. माझ्यापेक्षा साफ करायची, हे मी तेव्हा कबूल केलं नाही, आता करतो.

पुढं पुढं पारखायचं कामही तिच्याकडेच गेलं. कंबर, म्हणजे मधला भाग, बारीक असलेली स्की यंत्रानं दाबून गुळगुळीत केलेल्या उतारावर चटकन वळते, पण भुसभुशीत बर्फात रुतते. रुंद कंबरेची भुसभुशीतात तरंगते, पण कडक उतारावर आळशी. पहाडातल्या लोकांना दोन्हीकडे चालणारी हवी असायची, कारण सकाळी उतार कडक, दुपारी वर पापडी आणि खाली भुगा. अशी मधली जोडी निवडणं अवघड. शालन दोन्ही पट्ट्या तळाला तळ लावून उजेडात धरायची, मध्ये फट किती राहते बघायची. मग टोक धरून वाकवायची. आणि शेवटी, बायका माठ घेताना बोटाच्या पेरानं वाजवतात ना, तशी या टोकापासून त्या टोकापर्यंत वाजवायची. भल्लाजी हसायचे, "भाभीजी, पानी भरोगी क्या इस में?" पण तिनं खडूनं फुली मारली की ती जोडी बाजूला जायची. नंतर उघडून बघितली की आत खरंच लाकूड सुटलेलं असायचं. बाईनं जन्मात बर्फ बघितला नव्हता. फ्रिजमधला सोडून.

नेगी नावाचा एक पोरगेला शिकवणारा दर हिवाळ्यात यायचा, तिला मांजी म्हणायचा. ती त्याला चिडवायची, "तू घाईचा आहेस रे, तुला मऊ टोकाचीच देणार." एका वर्षी माल कमी आला. दोन्हीकडे चालेल अशी एकच लाल जोडी माझ्या मनात भरली. कड सरळ, वाक बरोबर, तळाला ओरखडा नाही. शालननं वाजवली आणि फुली मारली. म्हणाली, "डावी पट्टी आतून पोकळ आहे, बूट अडकवायच्या खटक्याच्या वीतभर पुढं." मी तिथं दहादा वाजवलं. काही नाही! मी सुतार, माझ्या बापानं लाकूड शिकवलं मला, आणि ही मला सांगणार? ती जेवण करायला खोलीवर गेली, नेगीची बसची वेळ झालेली. मी ओल्या फडक्यानं फुली पुसली आणि जोडी त्याच्या हातात दिली. म्हटलं, "मांजी ने पास कर दिया." तिचं नाव घेऊन दिली.

संध्याकाळी तिनं विचारलं, "ती लाल जोडी कुठंय?" मी म्हटलं, "कापली." ती बरं म्हणाली. दुसऱ्या दिवसापासून तिनं खडू सोडला आणि फुली खिळ्यानं ओरखडायला लागली. मला कळलं नव्हतं असं नाही. पुढच्या हिवाळ्यात नेगी आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. त्याच्या गावाकडे तेव्हा फोन नव्हता, आणि असता तरी मी लावला नसता. भल्लाजी म्हणाले, बदल लिया होगा काम. मी मान हलवली आणि मनात त्याला वीतभर पुढं मोडलेल्या पट्टीसकट दरीत पडलेला बघितला. सव्वीस वर्षं बघत होतो. शेड गेली, मोहरीची शेतं गेली, आम्ही मुलाच्या फ्लॅटमध्ये राहायला आलो. पण दर वर्षी थंडी पडली की शालन दिवाणातून गोधड्या काढायची आणि वाकलेली असतानाच विचारायची, "अहो, ती लाल जोडी कुठंय हो?" आवाज अगदी साधा. भाजी कुठं ठेवली विचारावं तसा. मी म्हणायचो, कापली. ती म्हणायची, बरं.

तेरावा झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी भर दुपारी बेल वाजली. मुलगा विलासनं दार उघडलं. दारात नेगी. केस पांढरे, बाकी तोच. तो जवळ येऊन वाकला, "बाबूजी, पहचाना नहीं?" भल्लाजींकडून त्याला शालनचं कळलं होतं. मी त्याचे गुडघे चाचपले. विलास म्हणाला, "बाबा, काय करताय यार?" मी नेगीला विचारलं, वो लाल जोड़ी? तो चकित झाला. "आपको नहीं पता? मांजी तो बस अड्डे आ गई थीं ऑटो में, हाँफती हुई. बोलीं, ये वापस दे, दूसरी ले." दुसरी म्हणजे जुनी बारीक कंबरेची, पण शाबूत. मग तू परत का नाही आलास, म्हटलं. तो खाली बघत म्हणाला, "उन्होंने ही मना किया था. बोलीं, जब तक ये ख़ुद न बताएँ, मत आना. फिर मैंने वहीं अपनी दुकान कर ली."

तो गेल्यावर मी दिवाण उघडला. हा दिवाण मी स्वतः केलेला. गोधड्यांना ती कुणाला हात लावू द्यायची नाही. घर बदललं तेव्हा लांबलचक वळकटी तिनंच बांधली होती, मजुरांवर ओरडली पण होती. तळाला तिच्या जुन्या हिरव्या साडीत लाल जोडी होती. रोज मी त्या जोडीवरच झोपत होतो. शालन वाकून विचारायची तेव्हा जोडी तिच्या डोळ्यांसमोर असायची... आणि मी पाठीमागून म्हणायचो, कापली.

विलास म्हणाला, कापून बघू या बाबा, पोकळ आहे की नाही एकदाचं कळेल. मी करवत आणली. लावली नाही. आता कापली तर माझं खोटं खरं होईल, ते मला करायचं नाही. मी वाजवून बघतो. रोज जेवणाआधी दिवाणाची फळी उचलतो आणि खटक्याच्या वीतभर पुढं पेर मारतो. मला अजून भरीवच वाजते.

गेल्या गुरुवारी फळी उचलली आणि पहिल्यांदाच मोठ्यानं बोललो. म्हटलं, "शालन, मी कापली नव्हती. फुली पुसून नेगीला दिली होती, तुझं नाव सांगून." मग डाव्या पट्टीवर दोन ठोके मारले आणि ऐकत बसलो. स्वयंपाकघरातून मीनलनं हाक मारली, "बाबा, तो तिसरा वेगळा वाजला हो. पोकळ."

मी दोनच मारले होते. हे मी तिला तिथल्या तिथं सांगून टाकलं. आता काही लपवायचं नाही असं ठरवलंय. ती कणकेच्या हातानं दारापर्यंत आली, आणि तिथंच उभी राहिली. आत आली नाही.