बाटलीचा कोट

कोट घातला की ऊब येते, एवढं शास्त्र मला लहानपणापासून ठाऊक होतं. म्हणून आत्या जेव्हा म्हणाली, "मी गिऱ्हाइकाकडं जाऊन येते, तेवढी बाटली फ्रिजबाहेर काढून ठेव," तेव्हा मी अंगचा थोडा शहाणपणाही वापरला. अर्धी उरलेली रेड वाईनची बाटली बाहेर काढली, शेजारी पडलेला बाटलीच्याच मापाचा मखमली कोट तिला चढवला, गळ्यापर्यंत बटणं लावली आणि थंडीच्या दिवसांत पोराला शाळेत धाडणाऱ्या आईच्या समाधानानं तिला टेबलावर उभी केली.

आत्या परत आली. कोटात बोट घालून पाहिलं आणि किंचाळलीच.

"अरे, बर्फ आहे हा! कोट कुणी घातला?"

"गरम व्हावी म्हणून मीच."

"तिला काय सर्दी झालीय? कोट गार वस्तूला घातला तर ती गारच राहणार ना, शहाण्या!"

आत्या सोफे आणि खुर्च्या नव्यानं मढवून देते. तिच्या एका खोलीत स्प्रिंगा, काथ्या, स्पंज आणि पाय वर करून पडलेल्या खुर्च्या असतात. दुसऱ्या खोलीत ती राहते. काम करताना बारीक खिळे ओठांत धरायचे आणि एकेक काढून ठोकायचा, अशी तिची पद्धत. आयुष्यभर तोंडात खिळे धरल्यामुळं असेल, पण खिळे नसतानाही ती तोंड जपूनच उघडते. ओरडायचं असलं तर गोष्ट वेगळी. त्यासाठी तिला फक्त मी पुरतो.

वाईनची सवय तिला समोरच्या चष्मेवाल्यांनी लावली. काही वर्षांपूर्वी ते दुकानातली खुर्ची मढवायला घेऊन आले. खुर्ची परत गेली, चष्मेवाले येत राहिले. दर शनिवारी संध्याकाळी दोघं एकेक पेला घेतात. बाटली एका बैठकीत संपवायची म्हणजे दोघांना अतिरेक वाटतो. मग उरलेलीला बूच लावून ती फ्रिजमध्ये जाते. पण फ्रिजमधली तशीच प्यायली तर जीभ बधिर होते, आणि आत्याच्या खोलीत ठेवली तर संध्याकाळपर्यंत तिचा काढा होतो. खोलीला पत्र्याचं छप्पर आहे. यावर आत्यानं स्वतःचा तोडगा काढला. शेवटची शिवण घालायला बसताना बाटली बाहेर काढायची. काचेवरचा घाम सुकला की ती गालाला लावून बघायची. गाल 'हं' म्हणाला की मग कोट! कुणाच्या तरी सोफ्याची उरलेली जांभळी मखमल, आत स्पंज. जमलेला गारवा पेला संपेपर्यंत हलत नाही. चष्मेवाल्यांनी तो कोट पहिल्यांदा बघितला तेव्हा म्हणाले होते, "बाई, एवढा चांगला कोट माझ्याकडं पण नाही हो."

आजचा शनिवार मात्र निराळा होता. चष्मेवाल्यांच्या मुलीनं त्यांना कायमचं आपल्याकडं बोलावलं होतं. दुकानाला गिऱ्हाईक मिळालं होतं, उद्या सकाळची गाडी होती. त्यांनी जाऊ नये असं आत्याला वाटतं, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं. माझी आई तिला आठवडाभर सांगत होती, "वन्सं, एकदा तोंडानं म्हणा की त्यांना, राहा म्हणून." आत्या म्हणायची, "बघू." आत्याचं 'बघू' म्हणजे खोल विहीर. टाकलेला दगड तळाला पोचल्याचाही आवाज येत नाही.

"आता ती नुसती राहू दे तशीच, निवेल," असं बजावून आत्या केस नीट करायला आत गेली. गार वस्तू निवते कशी, हे मी विचारलं नाही. माझ्या हातून झालेलं मीच निस्तरावं म्हणून मी बाटलीचा कोट काढला आणि तिला कढत पाण्याच्या पातेल्यात उभी केली. तेवढ्यात फोन आला. फोन ठेवला तेव्हा बूच उडून भांड्यांच्या फळीवर आदळल्याचा आवाज झाला, आणि त्याच वेळी दाराची बेलही वाजली.

चष्मेवाले इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. आत्यानं बाटली हातात घेतली, माझ्याकडं एक नजर टाकली आणि दोन पेले भरले.

चष्मेवाल्यांनी घोट घेतला. त्यांच्या चष्म्यावर वाफ धरली.

"कशी आहे?" आत्यानं विचारलं.

"आहे... म्हणजे... घसा शेकायला बरी आहे."

"खरं सांगा."

"बाई, भयंकर आहे."

आत्यानंही एक घोट घेतला आणि पेला खाली ठेवला. मी पातेलं घासायला घेतलं. निदान पाठ तरी त्यांच्याकडं राहील.

"असली वाईन पिऊन जाणार तुम्ही?" आत्या म्हणाली.

"आता काय करणार? उद्या सकाळी गाडी आहे."

"उद्या नवीन फोडते. नीट काढते, नीट ठेवते."

"अहो, पण उद्या मी..."

"जाऊ नका."

पातेलं माझ्या हातातच राहिलं.

"उद्या?" चष्मेवाल्यांनी हळूच विचारलं.

"उद्या नाही आणि परवाही नाही. मुलीकडं जा, चार दिवस राहा, परत या. कायमचे जाऊ नका. मला करमणार नाही."

एवढी वाक्यं आत्याच्या तोंडून सलग मी कधी ऐकली नव्हती. चष्मेवाल्यांनी चष्मा काढला, रुमालानं पुसला, घातला, परत काढला.

"हे आधी सांगायचं ना हो. दुकान विकत घेणारा माणूस रोज येऊन बसतोय, आणि मी रोज 'उद्या सांगतो' म्हणून त्याला टोलवतोय."

"तुम्ही विचारलंत कधी?"

"तुम्ही तोंड उघडलंत कधी?"

मग दोघंही हसायला लागले. ती कढत वाईन त्यांनी तोंडं वाकडी करत, पण शेवटच्या थेंबापर्यंत संपवली. निघताना चष्मेवाले दारातून म्हणाले, "मुलीला आजच फोन करतो. आधी रागावेल, मग समजून घेईल." आणि जिना उतरून गेले.

माझी छाती एव्हाना चांगलीच फुगली होती. मी म्हटलं, "बघ आत्या, बाटली नीट असती तर तू गप्प बसली असतीस आणि ते गेले असते. म्हणजे हे सगळं माझ्यामुळं जमलं की नाही?"

आत्या पेले विसळत होती. मागं न बघता म्हणाली,

"जमवलं ते मी, तू फक्त वाईन नासवलीस."