खिडकीतून टाकलेला रुमाल

महालिंग गेला हे मला त्याच्याच फोनवरून कळलं. शनिवारी सकाळी मी चहा घेत होतो, पडद्यावर त्याचं नाव आलं. उचलल्या उचलल्या मी म्हणालो, "झाली का बे तयारी?" पलीकडून त्याचा मुलगा बोलला, "काका, अप्पा गेले..." मी विचारलं, कुठं गेले? खरंच विचारलं. आज दीड महिना होत आला, पण तो अडाणी प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही. सोमवारी आम्हाला बीडहून रेल्वेनं जायचं होतं, म्हणून मला वाटलं, हा पठ्ठ्या मला सोडून आधीच गेला.

नांदूरघाटच्या शाळेत आम्ही एका बाकावर होतो. पुढं मी मास्तर होऊन बीडला आलो आणि त्यानं गावातच वडिलांचं भांड्यांचं दुकान चालवलं. सारं गाव त्याला अप्पा म्हणायचं. तरुणपणी रेल्वेच्या मागणीसाठी बीडला मोर्चा निघाला होता, त्यात आम्ही दोघंही होतो. मी घोषणा देऊन घरी आलो. यानं मात्र चारचौघांत शपथ घेतली, "बीडला रेल्वे येईस्तोवर आपण रेल्वेत पाय ठेवणार न्हाई." अशा शपथा पुष्कळांनी घेतल्या आणि परळीला जाऊन गाडीत बसलेही. महालिंगनं पाळली. मुलीचं बाळंतपण नागपूरला होतं, तर हा एसटी बदलत बदलत गेला. पोहोचला तेव्हा नात दोन दिवसांची झाली होती. मी चिडून म्हणालो, "तुझ्या हट्टापायी रेल्वेचं काय अडलं रे?" तो शांतपणे म्हणाला, "तिचं काय अडणार हाय? पर म्या बसलो तर मागायचं कोण्या तोंडानं?" मला त्याचा रागही यायचा आणि आपण शपथ न घेतल्याची लाजही वाटायची.

दुकानात गल्ल्याच्या मागं देशाचा रेल्वेचा नकाशा लावला होता. गिऱ्हाईक पातेलं वाजवून बघत असलं की हा नकाशावर बोट ठेवायचा. "बघा, सगळा देश ह्या रेघांनी शिवलाय. तिकडचा गहू इकडं, इकडची पोरं तिकडं. आन् आपल्यापाशी येऊन ह्यायची शाई सपली!" गिऱ्हाइकाला पातेलं हवं असायचं, ते हो हो म्हणायचं.

त्याचा सगळा प्रवास एसटीचा, आणि एसटी म्हणजे रुमाल. बस फलाटाला लागायच्या आत अप्पा धावत जाऊन खांद्यावरचा पांढरा रुमाल खिडकीतून सीटवर फेकणार. त्याचा नेम कधी चुकला नाही. पण इतकं करून धरलेल्या जागेवर तो बसला असेल तर शपथ! गाडी हलते न हलते तोच कोणी म्हातारी नाहीतर लेकुरवाळी दिसायची आणि हा उठायचा. पुण्यापर्यंत दांड्याला धरून उभा. मी म्हणायचो, "मग धरतोस कावून?" तर म्हणे, "धरल्याबिगर देणार काय?"

शेवटी गाडी बीडला आली. पहिल्या दिवशी आम्ही बघायला गेलो तर मुंगीला शिरायला वाव नव्हता. महालिंगनं गर्दीतून हात लांबवून डब्याला लावला आणि तसाच उभा राहिला. डोळे पुसायचंही त्याला सुचलं नाही. "मास्तर, उद्याच बसू," तो म्हणाला. मीच मोडता घातला. माझे गुडघे, ही गर्दी... "दिवाळी होऊ दे. गाडी काय पळून जाते का?" तो हसला, "पळावी म्हणून तर येवढी बोंब मारली की!" पण माझं ऐकलं. दिवाळीनंतरचा सोमवार ठरला. माझ्या घरून गावाला निघताना त्यानं खांद्यावरचा रुमाल खुंटीला अडकवला. "माझी बस उशिरा आली तर तू म्होरं जाऊन जागा धर."

त्यांच्यात, लिंगायतांत, माणसाला बसवून माती देतात. हे मला लहानपणापासून ठाऊक होतं, तरी त्या दिवशी हादरलो. कपाळाला भस्म लावलेला महालिंग मांडी घालून बसला होता. त्याला इतका वेळ बसलेला मी कधी पाहिलाच नव्हता. आता उठेल आणि कोणाला तरी जागा देईल, असं वाटत राहिलं. तो उठला नाही. मी एक दिवाळी थांबायला सांगितलं नसतं तर... कोणी समजूत घातली की मला संताप येतो.

गेल्या सोमवारी खुंटीवरचा रुमाल घेऊन मी स्टेशनावर गेलो. डबा जवळजवळ रिकामा होता. तरी मी बाहेरूनच, खिडकीच्या गजांमधून, रुमाल आत टाकला. फलाटावरची दोन पोरं हसली. हसू देत. आत जाऊन मी रुमालाशेजारी बसलो. पुढच्या स्टेशनात एक म्हातारी चढली. एवढा डबा मोकळा असून तिला खिडकीच हवी होती.

"हितं कोणी हाय का, दादा?"

"हाय," मी म्हणालो आणि रुमाल उचलून मांडीवर घेतला. "पण तुमी बसा, मावशी. त्यो उभाच राहतो."