चाळीसचा काटा

मोहरीलकाका गाडी चालवताना मधूनच डावीकडे वळून म्हणायचे, "चाळीसच आहे." डावीकडच्या सीटवर कोणीच नसायचं. मी मागे बसलेली असायचे, टॅक्सीत बसावं तशी, मांडीवर भाजीची पिशवी घेऊन. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, मलाच सांगताहेत. मी आपली "हो काका" म्हणून मोकळी झाले. त्यांनी आरशातून माझ्याकडे असं काही पाहिलं, की त्यानंतर मी कधी उत्तर दिलं नाही.

सुमनकाकूंना जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं. काकूंना वेगाची भारी धास्ती. काटा चाळीसच्या पुढे सरकला की "अहो, हळू!" म्हणायच्या आणि उजवा पाय खाली दाबायच्या, ब्रेक जणू त्यांच्याच बाजूला असल्यासारखा. वर्षानुवर्षं दाबून दाबून त्यांच्या पायाखालची रबरी मॅट टाचेपाशी झिजून खोलगट झाली होती. चालवणाऱ्याची मॅट धड आणि शेजारी बसणाऱ्याची झिजलेली, अशी दुसरी गाडी मी पाहिलेली नाही. मी गाड्यांच्या विम्याचं काम करते, तेव्हा बऱ्याच गाड्या पाहिल्या आहेत. काकूंची उशीही त्या सीटवर तशीच होती. तिथे बसू नये असं कोणी सांगितलं नव्हतं, पण आनंद नगरच्या आमच्या गल्लीत ते सगळ्यांना ठाऊक होतं.

काका मूळचे नागपूरचे. नोकरीसाठी तरुणपणी भोपाळला आले, ते इथलेच झाले. विजेची अवजड यंत्रं बनवणाऱ्या कारखान्यात ते तपासणी विभागात होते. टर्बाइनचा रोटर, म्हणजे त्यातला फिरणारा अजस्र दांडा, बाहेर पाठवण्याआधी एकदा त्याच्या नेहमीच्या वेगाच्याही वर फिरवून बघतात. जाड भिंतींच्या बोगद्यात रोटर फिरायचा आणि काका भिंतीअलीकडे काट्यावर नजर ठेवून उभे असायचे. "फुटायचं असेल तर इथंच फूट ना बाबा," हे त्यांचं त्या वेळचं वाक्य. पुढे ते कशालाही लावायचे. कुकरला, फटाक्याला, गल्लीतल्या भांडणाला. उभा जन्म त्यांनी लोखंडाला बेफाम पळवलं आणि घरी येऊन स्वतःची गाडी चाळीसने चालवली. काकू हे पाहुण्यांना हसून सांगायच्या, आणि काका पुरणपोळीवर जास्तीचं तूप ओढून घेत म्हणायचे, "माझी तपासणी राहूनच गेली."

मार्चमध्ये गाडीचा विमा रिन्यू करायला ते नेहमीप्रमाणे आमच्याकडे आले. विम्याचं बोलायचं असलं की मी वैशालीबाई, एरवी नुसती वैशाली.

"वैशालीबाई, ट्रॅकवर गाडी पळवायची असली, तर हा विमा लागू होतो काय?"

मी चहाचा कप खाली ठेवला. इंदूरकडे गाड्यांचा एक ट्रॅक आहे, हौशी लोक तो दिवसभरासाठी घेतात आणि ज्याची त्याची गाडी जिवाची हौस होईपर्यंत पळवतात, हे त्यांनी कुठूनसं शोधून काढलं होतं. शर्यत नाही, बक्षीस नाही. नाव नोंदवायचं, हेल्मेट घालायचं, सुटायचं.

"काका, नाही लागू होत," मी म्हटलं. "शर्यत, वेगाची चाचणी, असलं सगळं पॉलिसीतून वगळलेलं असतं. शर्यत नसली तरी कंपनी हात वर करणार. गाडीचं काही झालं तर सगळा खर्च तुमचा."

"अन् माझं झालं तर?"

"तुमच्या अपघाताच्या विम्यातही असल्या हौशी बसत नाहीत."

"वेगळा घेता येईल?"

"ह्या वयात? ह्या गाडीवर? विचारून बघते."

मी खरंच विचारलं. माझ्या कंपनीत विचारलं, दुसऱ्या दोन ठिकाणी ओळखी काढल्या. एका अधिकाऱ्याने "मॅडम, अंकल को तीरथ भेज दीजिए" असा आगाऊ सल्ला दिला. काका मात्र चिकाटीने स्वतःही फिरत होते. अयोध्या नगर बायपासजवळच्या डेंटिंगवाल्याने त्यांना रीतसर युक्ती शिकवली : "चचा, ठुक जाए तो खींच के रोड पे ले आना. बोल देना, गाय आ गई थी. अपन फोटो भी वैसेई निकाल देंगे."

हे मला सांगताना काका खरोखर दुखावलेले दिसले. "जी गाय आलीच नाही, तिच्यावर आळ घ्यायचा? कमाल आहे ना!"

प्रत्येक वेळी नियम ऐकून झाला की ते चष्मा पुसायचे. मग विचारायचे, "ते कंपनीचं झालं. तुझं काय मत?"

"तुमची गाडी, तुम्ही ठरवा," मी म्हणायचे. गिऱ्हाइकाला असंच सांगायचं असतं. कॅनडातल्या निखिलला, म्हणजे त्यांच्या मुलाला, त्यांनी फोनवर विचारलं तेव्हा मी समोरच होते. तो प्रेमाने म्हणाला, "बाबा, जा की! मजा करा. पैसे पाठवू का?" माझ्या नवऱ्याने तर त्यांची पाठच थोपटली. काका सगळ्यांना "हो, हो" म्हणाले आणि फाटक लावून हळूहळू घरी गेले. त्या पाठमोऱ्या चालण्याकडे बघताना मला पहिल्यांदा शंका आली, की हा माणूस विमा शोधत नाहीये. ह्याला कोणीतरी "जाऊ नका" म्हणायला हवं आहे. पण मी कोण म्हणणार? आपण सख्खे नाही, हा विचार शेजाऱ्याच्या तोंडाला फार लवकर कुलूप घालतो.

काका गेले. विम्याशिवाय, एकटे, काकूंच्या फोटोला नमस्कार करून. तो दिवस मी कसा काढला ते माझं मला ठाऊक. पोळ्या करपल्या, फोन दोनदा हातात घेऊन ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांचा हॉर्न ऐकू आला, तशी मी पदर खोचलेलाच ठेवून बाहेर धावले. गाडी धड होती. काकाही धड होते.

"कसं झालं?"

"छान झालं. पोरं चांगली होती. अंकल अंकल करत होती." ते गाडीतून उतरले नाहीत. "गाडीतलं सुटं सामान काढायला लावलं त्यांनी. नियम आहे, बरोबरच आहे. पाण्याची बाटली, डॅशबोर्डवरचा गणपती, हिची उशी, मॅट. सगळं बाहेर मांडून ठेवलं, एका टेबलावर."

"आणि काटा?"

"एकशे तीसच्या वर गेला. एक पोरगा बाजूला बसला होता शिकवायला. सारखा म्हणत होता, और दबाइए अंकल, पूरा दबाइए." काकांनी स्टिअरिंगवरचे हात काढून मांडीवर ठेवले. "काही कळलंच नाही गं वैशाली. बाजूला घाबरायला कोणी नव्हतं. मग वेग कसा कळणार?"

ते वाकले, मागच्या सीटवर ठेवलेली मॅट त्यांनी उचलली आणि डावीकडे जागच्या जागी अंथरली. कोपरे दाबून बसवले. त्या एवढ्याशा कामाला त्यांना पुष्कळ वेळ लागला आणि मी तशीच गाडीपाशी उभी राहिले.

त्यानंतरच्या रविवारी पिपलानीच्या बाजारात जायला निघालो, तर मी मागचं दार उघडतेय तोच ते म्हणाले, "पुढे बस." उशी त्यांनी मागे ठेवली होती. मी संकोचून बसले. सीट पुढे ओढलेली असल्यामुळे गुडघे समोर टेकत होते, पण ती मागे सरकवायचा धीर झाला नाही. रायसेन रोडला लागलो आणि एक रिक्षा आडवी आली. माझा पाय आपोआप खाली गेला आणि बरोबर त्या खोलगट जागेत जाऊन बसला.

"काका, हळू!" मी ओरडलेच.

"चाळीसच आहे," ते म्हणाले. आणि असे हसले, की काकू गेल्यापासून मी त्यांना तसं हसताना पाहिलं नव्हतं.

मग तो नेमच झाला. मला बाजारात काम नसलं तरी मी काम काढायचे. मुलगी पुण्याला नोकरीला गेलेली, नवरा सदा साइटवर. घरात माझ्याशी बोलायला तरी कोण होतं? मी शेजारी बसून त्यांना मनसोक्त रागवायचे. हळू, डावीकडे बघा, त्या मुलाला आधी जाऊ द्या. ते प्रत्येक सूचनेला हरकत घ्यायचे आणि प्रत्येक सूचना पाळायचे. कधी कधी मला अपराधी वाटायचं, की दुसऱ्या कोणाच्या तरी जागेवर बसून मी इतकी सुखात कशी. पण खोटं कशाला बोलू, सुखात होते.

पुढच्या थंडीत काका गेले. न्यूमोनियाचं निमित्त झालं. निखिल आला, त्याने सगळं रीतीने केलं. अस्थी नर्मदेत सोडायला होशंगाबादला जायचं होतं. आता गावाचं नाव नर्मदापुरम झालंय, पण आमच्या तोंडी जुनंच. निखिल म्हणाला, "वैशालीताई, तुम्ही चला. बाबांच्याच गाडीने जाऊ." मागच्या सीटवर फुलं आणि पूजेचं सामान होतं. मी पुढे बसले, कलश मांडीवर घेऊन, पाय मॅटवर ठेवून.

ओबेदुल्लागंज मागे पडलं आणि रस्ता मोकळा झाला. निखिलला परदेशातल्या मोठ्या रस्त्यांची सवय. काटा नव्वदला गेला. तो नुसता समोर बघून चालवत होता. माझा पाय खाली दाबला गेला.

"निखिल, हळू," मी म्हटलं.

"ताई, हायवे आहे."

"असू दे. हळू चालव. त्यांना सवय नाही."

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या पायाकडे, त्या झिजलेल्या मॅटकडे. लहानपणी मागच्या सीटवर बसून त्याने हा संवाद किती वेळा ऐकला असेल, कोण जाणे. त्याने पाय उचलला. काटा खाली येत गेला. मागून ट्रक कर्कश हॉर्न वाजवत पुढे निघून जाऊ लागले, एकजण तर खिडकीतून शिवीही देऊन गेला.

बऱ्याच वेळाने निखिल डावीकडे वळला आणि माझ्या मांडीवरच्या कलशाकडे बघून म्हणाला, "चाळीसच आहे."

ते मला म्हटलेलं नव्हतं. मी उत्तर दिलं नाही.