शौर्यपदकाची जागा

पलटणीच्या फाटकासमोर मास्तरांचं शिवणकामाचं दुकान होतं. गणवेश नि पदकांच्या फिती शिवण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. पण एकदा त्यांनी शिवलेल्या कोटावर खोटी पदकं मिरवणारा तोतया पलटणीच्या सोहळ्यात पकडला गेला आणि मास्तरांनाही दोन दिवस चौकशीला बसवून ठेवलं. तेव्हापासून ते ताकही फुंकून पीत.

तो म्हातारा दुकानात आला आणि त्यांच्या मनात पाल चुकचुकली. काळा कोट, रुमालात तीन पदकं. यंदाच्या सोहळ्यासाठी ती कोटावर लावून हवी होती. त्याने ती टेबलावर ओळीने मांडली, त्यात शौर्यपदक सगळ्यात शेवटी. त्याचा मान पहिला, हे कुठलाही शिपाई झोपेतसुद्धा सांगेल. चालही थेट कारकुनाची.

मास्तरांनी भिंग घेऊन पदकाची कड वाचली. नाव बाईचं होतं.

"कुणाची आहेत ही?"

"बायकोची. लष्करी इस्पितळात परिचारिका होती. गेल्या वर्षी गेली."

मास्तरांनी कागदपत्रं मागितली. म्हाताऱ्याने दुसऱ्या दिवशी मुकाट्याने आणून दिली. क्रमांक दोनदा ताडून झाले, शिक्का उजेडात धरून झाला. सगळं खरं निघालं. मग मास्तरांनी नियम सांगितला. नातेवाइकाने पदकं उजव्या बाजूला लावायची, आणि शौर्यपदक आधी.

"ती ते शेवटी ठेवायची," म्हातारा म्हणाला. "इस्पितळाला आग लागली तेव्हा चौघांना तिने बाहेर काढलं. सात जण आत राहिले. तिला ते सातच आठवायचे."

मास्तरांची सुई क्षणभर अडली. पण नियम तो नियम म्हणत त्यांनी शौर्यपदक पहिलंच शिवलं.

सोहळ्याच्या सकाळी म्हातारा फाटकापाशी रांगेत दिसला. कोटावर दोनच पदकं, पहिली जागा रिकामी. विकून खाल्लं की काय? मास्तर तडक रस्ता ओलांडून गेले आणि तिसरं कुठे आहे म्हणून त्याला हटकलं.

म्हाताऱ्याने खिशातला रुमाल उलगडून दाखवला. "शेवटी लावता येत नाही म्हणालात ना. मग उसवूनच काढलं."

मास्तर ओशाळले. त्याला दुकानात घेऊन आले आणि ते पदक त्यांनी दोन पदकांच्या मागे, शेवटी शिवलं.

व्हायचं तेच झालं. फाटकावरच्या शिपायाने ओळ पाहून म्हाताऱ्याला अडवलं. दुकानाच्या दारात उभे असलेले मास्तर पुढे झाले.

"चूक त्यांची नाही. मी शिवलंय."

शिपायाने दोघांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं, कागद पाहिले आणि म्हाताऱ्याला आत सोडलं. मास्तरांचं नाव मात्र वहीत लिहून घेतलं.