संध्याकाळची हजेरी

सिंधूबाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी पवनारच्या बसथांब्यावर भाजीची पिशवी घेऊन उभी होते. फोन आमच्या वसतिगृहातल्या त्या पोरीचा होता. "बाई, माय गेली," एवढंच ती म्हणाली... मागून दवाखान्यातल्या बायकांचे आवाज येत राहिले. दुसरी कुणी असती तर आधी रडली असती. माझ्या मनात आधी आलं ते हे, की ही पोरगी तिला माय म्हणते आणि मला बाई म्हणते, आणि आता हे कधीच बदलायचं नाही. लिहिताना लाज वाटते आहे. पण सिंधूबाईबद्दल लिहायचं आणि हेवा वगळायचा म्हटलं, तर माझ्याकडे लिहिण्यासारखं फारसं काही उरतच नाही.

जिल्ह्यातल्या एका मुलींच्या वसतिगृहात आम्ही दोघी अकरा वर्षं बरोबर होतो. ती स्वयंपाकीण, मी कारकून. वसतिगृहाचं नाव लिहीत नाही, ते आता बंद आहे. पोरीचं नाव लिहिणं कायद्यानं गुन्हा आहे, आणि तसा कायदा नसता तरी मी ते लिहिलं नसतं. सिंधूबाई मूळची रोहण्याची. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही, म्हणून वसतिगृहाच्या स्वयंपाकघरामागच्या खोलीतच राहायची. शाळेचं तोंड तिनं कधी पाहिलं नव्हतं. मी बी.कॉम. झालेली, टायपिंगच्या दोन्ही परीक्षा पास. मुलींचे शिष्यवृत्तीचे अर्ज मी भरायचे, जातीच्या दाखल्यासाठी तहसीलमध्ये खेटे मी घालायचे, एसटीचे पास मी काढून द्यायचे. आणि दहावीचा निकाल लागला की पेढ्याचा पुडा घेऊन मुली पळायच्या कुठे, तर स्वयंपाकघरात. ऑफिसात यायच्या त्या नंतर, पुड्यात दोन पेढे उरले असताना. मी म्हणायचे, "मला गोड चालत नाही गं." मला गोड चांगलं चालतं.

एकदा दिवाळीच्या सुटीआधी मी सगळ्या मुलींसाठी केसांचे चाप आणले. निवडून, प्रत्येकीचा रंग बघून. संध्याकाळी बस पकडायला निघाले तर स्वयंपाकघराच्या दारात हा घोळका... आणि सिंधूबाई एकेकीच्या केसांत तो चाप लावून देते आहे. "कोनं देल्ले वं इतके चांगले?" असं ती विचारतही होती, माझं नाव निघावं म्हणूनच विचारत असणार. पण मुलींची तोंडं तिच्याकडे होती आणि माझ्या बसची वेळ झाली होती. त्या दिवशी वर्ध्यापर्यंत मी खिडकीतून बाहेर बघत तिच्यावर धुमसत राहिले. तिची चूक काय होती, हे मला आजही सांगता येणार नाही.

या बसचं नीट सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. वर्ध्याची शेवटची सोयीची बस साडेपाचला होती. मुलींची रात्रीची हजेरी घ्यायची असे आठ वाजता. आठ वाजता मी वर्ध्याला माझ्या घरी असायचे. मग ती हजेरी मी दुपारी साडेचारलाच टाकून ठेवायचे. सगळ्या नावांपुढे 'हजर', तारीख, खाली सही. अधीक्षिका मॅडमनीच पहिल्या आठवड्यात सांगितलं होतं, "टाकून जात जा, कोण बघतंय!" आणि खरंच कुणी बघत नव्हतं. तपासणीला येणारे साहेबसुद्धा पानं उलटून अक्षराची तारीफ करायचे. माझं अक्षर चांगलं आहे.

सिंधूबाईची हजेरी वेगळी होती. पंगत बसली की ती ताटं लावायची, आणि जी मुलगी आली नाही तिचं ताट वाढून, वर दुसरं ताट उपडं घालून चुलीजवळ ठेवायची. ताप असो, रुसवा असो, घरून यायला उशीर झालेला असो, ताट झाकून असायचंच. पोरीचं ताट असं एका शनिवारी झाकलेलं असताना मॅडम आत आल्या आणि म्हणाल्या, हिचं झाकू नकोस, ती बाहेर जेवून येईल. संस्थेच्या एका पदाधिकाऱ्याची गाडी फाटकाशी उभी होती. पुढच्या शनिवारीही तसंच झालं, त्याच्या पुढच्या शनिवारीही. तिसऱ्या वेळी पोरगी परत आली तेव्हा सिंधूबाईनं झाकलेलं ताट तिच्यापुढे सरकवलं. मॅडमनी नको म्हटलं तरी तिनं ते झाकलंच होतं. पोरीनं एक घास घेतला आणि मग बोलायला लागली. तेरा वर्षांची होती. ती काय बोलली ते इथे लिहायचं नाही. सकाळी पहिल्या बसनं सिंधूबाई तिचा हात धरून पोलीस ठाण्यात गेली. सोमवारी मी नेहमीप्रमाणे अकराला ऑफिसात आले तेव्हा अंगणात पोलिसांची जीप उभी होती.

त्या माणसाला शिक्षा झाली. मॅडमनाही झाली, गुन्ह्याला साहाय्य केल्याबद्दल. मॅडमचं म्हणणं एकच होतं, मला काही माहीत नव्हतं, मुलगी वसतिगृहातच होती, रजिस्टर बघा. ते रजिस्टर शाबीत करायला वर्ध्याच्या कोर्टात मला बोलावलं. अक्षर तुमचं आहे का, सही तुमची आहे का, नोंदी बरोबर आहेत का. तिन्हीला मी हो म्हणाले. तिसरं हो खोटं होतं. खरं सांगितलं असतं तर नोकरी गेली असती, आणि खोट्या नोंदींचा ठपका वेगळाच. शिवाय मनात असंही होतं, की तो माणूस तर सुटत नाहीच, मग माझ्या नोंदीनं असं काय अडणार आहे.

माझ्यानंतर सिंधूबाई उभी राहिली. मॅडमच्या वकिलानं रजिस्टर तिच्यासमोर धरलं आणि विचारलं, इथे तिन्ही शनिवारी मुलगी हजर लिहिली आहे, मग तू खोटं का बोलतेस? ती मला दुपारी हजेरी टाकताना रोज बघायची. चहाचा कप तीच टेबलावर आणून ठेवायची. माझ्याकडे एक बोट केलं असतं तर काम झालं असतं. ती म्हणाली, "मले वाचता येत नाई साहेब. पन ताट कोनाचं उष्टं झालं अन् कोनाचं नाई, हे मले समजते."

न्यायाधीशांनी तिच्यावर विश्वास ठेवला. साक्षीच्या दिवशी मला ऑफिसात परतायचं होतं, त्या बसमध्ये तिनं मला खिडकीची जागा दिली, डब्यातली भाकर आणि वांग्याची भाजी पुढे केली. मी जेवले नाही. तिनं मला वाचवलं म्हणून बरं वाटायला हवं होतं, पण मला तिचा इतका राग आला होता की शेजारी बसवत नव्हतं. जिला सही करता येत नाही, तिनं कोर्टात उभं राहून खरं सांगितलं होतं. मी सहीनिशी खोटं बोलले होते, आणि हे तिला माहीत होतं.

वसतिगृह बंद झालं. मी संस्थेच्या शाळेच्या ऑफिसात गेले. सिंधूबाई हिंगणघाटला भाच्याकडे राहायला गेली, तिथे एका खानावळीत पोळ्या लाटायची. पोरगी सुट्टीत तिच्याकडे जायची. मला दर दिवाळीला पोरीचा फोन यायचा, तोही सिंधूबाईच्या सांगण्यावरून असणार, असं मी धरून चालले होते.

मॅडमचं अपील नागपूरला हायकोर्टात पडून होतं, ते या वर्षी सुनावणीला आलं. पोरगी आता नर्सिंगला आहे. एका रविवारी ती एकटीच माझ्या घरी आली. सरकारी वकिलांनी तिला सांगितलं होतं, की मॅडमचा सगळा भर त्या रजिस्टरवर आहे. एक निरक्षर, डूख धरणारी बाई एकीकडे आणि रोज लिहिलेला सरकारी कागद दुसरीकडे, असं त्यांचे वकील मांडणार होते. मी चहा ठेवला. तिनं कप हातात धरला आणि विचारलं, "बाई, त्या शनवारी मी हजर होती का?"

"नाही," मी म्हणाले. सहा वर्षांत पहिल्यांदा म्हणाले. दुपारी साडेचारला हजेरी टाकून मी बस पकडली होती, हेही सांगितलं. तिनं चहा संपवला, कप मोरीत नेऊन विसळला आणि गेली.

त्या आठवड्यात मी सिंधूबाईला भेटायला गेले. तिला दवाखान्यात ठेवलं होतं, पोटात पाणी झालं होतं, हात काड्यांसारखे झाले होते. तीच आमची शेवटची भेट. मी बसल्याबसल्या विचारलं, तुम्ही कोर्टात माझं नाव का नाही घेतलं? तिला प्रश्न कळायला वेळ लागला नाही. म्हणजे तीही त्याचीच वाट बघत होती.

"माह्या डोळ्यानं जे पाह्यलं ते म्या सांगतलं बाई," ती म्हणाली. "तुमचं तुमीच सांगान, म्हनून थांबून राह्यली."

"सहा वर्षं?"

"मंग? तुमच्या तोंडातलं हिसकून कशी घेऊ?" तिनं भिंतीकडे पाहिलं. "दोन शनवार म्याबी काऊन नाई इचारलं पोरीले... ताट झाकून बसली नुसती. ते मले सांगा लागते ना कोनाले तरी. पोरीले सांगतलं मी. तिच्या पायाले हात लावून सांगतलं."

मी गेले होते माझं ओझं उतरवायला, आणि ती तिचं कधीच उतरवून बसली होती. या कामातही ती माझ्या पुढे होती. मी तिच्या उशाशी बसून, खरं सांगते, तिच्या मरणाच्या खाटेवर तिचा हेवा केला. निघताना ती म्हणाली, "येजो बाई." मी पुन्हा गेले नाही. दुसऱ्या दिवशी सुटी टाकून नागपूरला गेले.

सरकारी वकील तरुण बाई होत्या. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं, खोट्या साक्षीबद्दल माझ्यावर काय होऊ शकतं ते न लपवता सांगितलं, आणि प्रतिज्ञापत्र टाईप करून घेतलं. जादा पुरावा म्हणून अर्ज दाखल झाला. सही करताना माझं अक्षर पार बिघडलं. संस्थेला मी स्वतःच पत्र दिलं. चौकशी अजून सुरू आहे. शाळेतले लोक माझ्याशी कामापुरतं बोलतात.

सिंधूबाई मंगळवारी गेली. निकाल पुढच्या सोमवारी लागला. अपील फेटाळलं, शिक्षा कायम. वकीलबाईंनी मला निकालपत्र समजावून सांगितलं. सिंधूबाईच्या साक्षीवर त्यात अडीच पानं आहेत. ती का खरी वाटते, ताटांचं तिचं सांगणं उलटतपासणीतही का डळमळलं नाही, आणि कागदावरच्या ठरावीक नोंदीपेक्षा ते का मोलाचं आहे, सगळं सविस्तर. माझ्यावर एक ओळ आहे. मूळ पुरावा पुरेसा असल्यानं जादा पुराव्याचा अर्ज विचारात घेण्याची गरज नाही.

मी ती ओळ दोनदा वाचून घेतली. पोरगी आणि मी कोर्टाबाहेर रसवंतीच्या बाकावर बसलो. मी तिला म्हणाले, शिक्षा कायम राहिली हे फार चांगलं झालं. आणि मग राहवेना म्हणून म्हणाले, माझं सांगणं मात्र फुकट गेलं, सिंधूबाईनं सगळं आधीच करून ठेवलं होतं. हे म्हणायची ती वेळ नव्हती. ज्या पोरीची माय आठवड्यापूर्वी गेली, तिच्याजवळ मी माझं रडगाणं गात होते.

ती ग्लासातल्या बर्फाकडे बघत बसली होती. "कोर्टाले नसन लागलं बाई," ती म्हणाली. "मले लागत होतं."

एवढंच बोलली, आणि मग हिंगणघाटच्या बसची वेळ झाली म्हणून उठली. सिंधूबाईचं सामान आवरायला तिला जायचं होतं. मी रसाचे पैसे दिले. सिंधूबाईला तिनं खूप काही दिलं असेल, मायेनं हाका मारल्या असतील, पेढे दिले असतील. पण हे वाक्य तिला कधी म्हटलं नसेल, म्हणायची वेळच आली नसेल. ते माझ्या वाट्याचं आहे, आणि ते मी कुणालाही देणार नाही.